शेऱ्याचा रकाना

मिशनचं काम म्हणजे देवाचं काम, असं म्हणतात. असेल. देव मला भेटलेला नाही, म्हणून त्याच्या वतीनं मी काही बोलत नाही. पण काम देवाचं असलं तरी त्याची आखणी माणसंच करतात. कुठल्या गावात जायचं, कुठल्या आळीत आधी शिरायचं, कुणाला किती पगार द्यायचा, कुठल्या भाषेत शिकवायचं आणि कुणाला काय शिकवायचं नाही, हे आभाळातून ठरून येत नाही. ते टेबलाभोवती बसून ठरतं. त्या टेबलाजवळ कोण बसलं होतं आणि दाराबाहेर कोण उभं होतं, एवढंच मला विचारायचं आहे.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. आमच्याकडं सुताचा काऊंट ऑफिसात ठरतो. या मशीनवर तिसाचा, त्या मशीनवर चाळिसाचा. कागद येतो, बोर्डावर लागतो. मग आठ तास मी मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. धागा तुटला की जोडायचा, पुढं जायचं. कापूस आखूड आला, हवेत ओल नसली, की धागे पटापटा तुटायला लागतात. कागदावर यातलं काही नसतं. कागदावर नुसते किलो असतात. त्यामुळं आखणी या शब्दाचं मला भ्याव वाटत नाही आणि कौतुकही वाटत नाही. आखणी कशी उतरते ते मी रोज पायांनी मोजतो.

आता मिशनशी माझा काय संबंध, असं कुणी विचारील. मी बौद्ध. माझ्या आज्यानं १९५६ नंतर घरातले देव ओढ्यात सोडले. पण आमच्या घराला एक भिंत आहे आणि त्या भिंतीच्या पलीकडं माझ्या आज्याच्या थोरल्या भावाचं घर आहे. तो ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कितीतरी महारवाड्यांत हेच चित्र दिसेल. एका भिंतीवर अलीकडून बाबासाहेबांचा फोटो, पलीकडून क्रूस. खिळा ठोकला की दोन्ही घरं हादरतात. डिसेंबरात पलीकडून करंज्या येतात, चौदा एप्रिलला अलीकडून बुंदी जाते. भांडण झालं तर ते वळचणीच्या पाण्यावरून होतं, देवावरून अजून तरी झालेलं नाही.

त्या पलीकडच्या घरातला माझा चुलतभाऊ मला वर्षा-दोन वर्षांनी थोरला. मी त्याला दादा म्हणतो. यंदा तो मिशनचं काम करणार आहे. आमच्या गिरणीच्या आजूबाजूला साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगंमागं बीड-नगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या इकडं उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. दादाला त्या कोप्यांवर जायचं आहे. त्याचं कुठंतरी शिबिर झालं. तिथून तो मोबाईलमध्ये एक तक्ता घेऊन आला. तळ किती, कोप्या किती, भेटी किती, प्रार्थना किती, पुस्तकं वाटली किती. मला म्हणाला,

"तू कविता लिहितोस. मला पदं लिहून दे. आपल्या बोलीतली. त्या लोकांना पुस्तकातली भाषा न्हाई कळत."

मी म्हणालो, "दादा, आधी तुझा तक्ता वाचतो. मग सांगतो."

दहावीनंतर माझी शाळा सुटली. पण रातपाळी संपली की मी नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन बसतो. तिथं पंखा आहे, आणि कुणी ऊठ म्हणत नाही. दादाच्या तक्त्यापायी मी तिथं मिशनचा इतिहास वाचायला घेतला. जे सापडलं ते इथं मांडतो. यात माझ्या घराचा हिशेब आहे, तुमच्यातल्या पुष्कळांच्याही घरांचा असणार.

अमेरिकेतल्या मिशन बोर्डाची स्थापना १८१० सालची. कचेरी बोस्टनला. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना ठेवून घ्यायला तयार नव्हतं, परत पाठवायला निघालं होतं. ते कसेबसे टिकले. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना काढला, १८२६ साली मराठीत नवा करार छापला. त्याच वर्षी हॉल नाशिकजवळ पटकीनं मेला. १८३१ च्या शेवटाला ही मंडळी नगरला आली. या सगळ्याला पुढं अमेरिकन मराठी मिशन नाव पडलं. १८४२ साली त्यांनी नगरहून ज्ञानोदय काढला.

नकाशा काढताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं? बहुतेक मिशनऱ्यांच्या डोक्यात ब्राह्मण होता. तो शिकलेला, त्याचं गाव ऐकतं, तो आला की सगळे येतील. कलकत्त्याला स्कॉटलंडच्या अलेक्झांडर डफनं १८३० साली शाळा काढली ती याच हिशेबावर. वरच्या जातीच्या पोरांना इंग्रजी द्या, ज्ञान वरून खाली पाझरेल. मुंबईत जॉन विल्सननं १८३२ साली इंग्रजी शाळा काढली, तिचंच पुढं कॉलेज झालं. पाझरेल, पाझरेल म्हणत बसले. आपल्याला माहीत आहे, आपल्या देशात वरून खाली काय पाझरतं ते. पाणीसुद्धा वरून ओंजळीत धार धरूनच मिळत होतं.

नगर जिल्ह्यात ब्राह्मण आले, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आले ते महार. एकेका खेड्यातून, एकेका भावकीतून. त्यांना कुणी मोठ्या आशेनं बोलावलं नव्हतं. येसकरकीची काठी, मेलेलं ढोर, दारोदार मागायची भाकर आणि वर शिवी. यातून एक दार किलकिलं दिसलं आणि लोक आत घुसले. मिशनची आखणी एकीकडं राहिली, काम दुसरीकडं वाढलं. धागा जिथं तुटेल असं ऑफिसला वाटत होतं तिथं तो तुटला नाही, भलतीकडंच तुटला. तरी नगरच्या मंडळीचे सुरुवातीचे देशी पाळक कोण? हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघंही ब्राह्मण घरातले. माणसं चांगली होती असं वाचलं, त्यांनी घरदार सोडलं, जात सोडली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बाकावर महार आणि उभा राहून सांगणारा पंत, ही मांडणी मला ओळखीची वाटते.

आता १८५४-५५ सालाकडं या. इथं थांबायला हवं.

बोस्टनच्या बोर्डाचा सचिव होता रूफस अँडरसन. १८३२ पासून १८६६ पर्यंत त्या खुर्चीत बसला. जगभरच्या मिशनचा कागद त्याच्या हाताखालून जायचा. १८५४ साली तो स्वतः हिंदुस्थानात आला, बरोबर थॉम्पसन नावाचे दुसरे गृहस्थ. मुंबई, नगर, मद्रासकडचा मुलूख, सिलोन, सगळीकडं त्यांनी मिशनऱ्यांना बसवून विचारपूस केली. अँडरसनचं म्हणणं असं : मिशनचं काम माणसाला सुधारलेला अमेरिकन बनवायचं नाही. सुवार्ता सांगायची, देशी मंडळी उभी करायची, तिला देशी पाळक द्यायचा आणि आपण निघून पुढं जायचं. मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा. इंग्रजी शाळांवर पैसा उधळला जातोय, पोरं इंग्रजी शिकतात आणि सरकारी नोकरीच्या मागं पळतात, ख्रिस्ती होत नाहीत. खेड्यातल्या पाळकाला इंग्रजीची गरज काय? त्याच्या भाषेत शिकवा, पुरे.

ऐकायला किती बरोबर वाटतं बघा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा माणूस आवडला. आजसुद्धा त्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. आपल्या बोलीत सांगा, आपला कारभार आपण करा. बाहेरच्या साहेबानं कायमचं छाताडावर बसू नये, असं एक साहेबच म्हणतो. आपल्या कितीतरी पुढाऱ्यांना हे अजून म्हणता आलेलं नाही.

पण कागदाची दुसरी बाजू बघा. त्याच्या दौऱ्यानंतर नगर आणि मुंबईकडची मिशनची इंग्रजी शिकवणी गुंडाळली गेली. तिकडं सिलोनात जाफन्याजवळची त्यांची नावाजलेली बट्टिकोटाची शाळा १८५५ सालीच बंद झाली. अमेरिकेतही यावर गदारोळ झाला, पण व्हायचं ते होऊन गेलं.

आता कुणाचं काय गेलं? त्या शाळांत ब्राह्मणाची पोरं होती. ती उठली आणि सरकारी शाळेत जाऊन बसली. त्यांचं काही अडलं नाही. आपल्या पोराला दुसरं दार होतं का? पुढच्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. सरकारी शाळा, सरकारी पैसा. त्याला घेतलं नाही. मुंबई सरकारनं कागद रंगवले, न्याय पोराच्या बाजूनं आहे म्हणून कबूलही केलं, पण एका पोरापायी बाकीच्यांनी शाळा सोडली तर काय, म्हणून त्याला दारातच ठेवलं. या पोराचं प्रकरण बाबासाहेबांनी पुढं आपल्या लिखाणात काढून दाखवलं आहे.

म्हणजे १८५५ ला मिशननं इंग्रजीचं दार लावलं आणि १८५६ ला सरकारनं शाळेचं. दोन्ही दारं लावणारे एकमेकांना विचारून लावत नव्हते. एकाचा हेतू तर चांगलाच होता. पण दोन्ही दारांच्या मधे उभा राहिलेला पोरगा एकच होता.

त्याच १८५५ साली ज्ञानोदयात एक निबंध छापला गेला. चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीचा, मुक्ता साळवेचा. मांग-महारांच्या दुःखाविषयी. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही पोर. तिनं लिहिताना कुणाची भीड ठेवली नाही, धर्माकडंच जाब मागितला. मिशनच्याच पाक्षिकात मिशनच्याच साहेबाला उत्तर छापून आलं होतं. शिकवलं तर ही पोरं काय करतील, ते त्या पानावर दिसत होतं. ते पान अँडरसनपर्यंत गेलं असेल का? मराठीत होतं. त्याला मराठी येत नव्हती.

आणखी एक गोष्ट मनात घोळते. जोतिबा इंग्रजी कुठं शिकले? पुण्याला, स्कॉटिश मिशनच्या शाळेत. १८४१ ते ४७. तिथंच त्यांना थॉमस पेन वाचता आला. नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा बघून जोतिबांच्या मनात मुलींच्या शाळेचं आलं आणि १८४८ साली त्यांनी पुण्याला ती काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडं शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. सिंथिया फरार ही एकटी, बिनलग्नाची बाई १८२७ साली इतक्या लांब आली आणि १८६२ साली नगरच्याच मातीत गेली. म्हणून मिशननं काही दिलं नाही असं म्हणणारा माणूस कृतघ्न. पण अँडरसनचा नियम वीस वर्षं आधी निघाला असता आणि पुण्यालाही लागू असता, तर जोतिबांच्या हातात पेन आला नसता. सुदैवानं पुण्याची शाळा बोस्टनच्या हुकुमातली नव्हती.

दोन आखण्या झाल्या. डफची आखणी : इंग्रजी द्या, पण वरच्यांना. अँडरसनची आखणी : खालच्यांकडं जा, पण इंग्रजीशिवाय. खालच्यांकडं इंग्रजी घेऊन जा, अशी तिसरी आखणी त्या टेबलावर कुणी ठेवली नाही. कारण ती ठेवणारा त्या खोलीत नव्हताच. पुढं मिशननंच इंग्रजी परत सुरू केली, हायस्कूल झालं, १९४७ साली भा. पां. हिवाळे यांनी नगरला कॉलेज काढलं. चांगलं झालं. पण मधल्या पिढ्या पाटीवर मराठी बाराखडी गिरवून गावातच राहिल्या. मास्तर झाले, उपदेशक झाले. वकील झाले नाहीत.

आता आखणी सोडा. काम कसं झालं ते बघू.

पलीकडच्या घरातला थोरला आजा हा असाच मास्तर-उपदेशक होता. नगर जिल्ह्यात मिशनं पुष्कळ. अमेरिकन, इंग्रजांचं एसपीजी, कॅथलिक, मुक्तिफौज. त्याचं कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. मी त्याला पाहिलेला नाही. पण त्याची पत्र्याची ट्रंक आहे आणि तीत चार वह्या आहेत. १९४८ पासून पुढच्या. दादानंच मला त्या दाखवल्या. दर पानावर रूळ ओढलेले रकाने. तारीख. गाव. मैल. ऐकणारे. पुस्तकं विकली. आणि शेवटचा बारीक रकाना, शेरा.

महिन्याच्या शेवटी बेरीज मारलेली आहे. मैल इतके, ऐकणारे इतके. ही बेरीज वर बंगल्यावर जायची, बंगल्यावरून आणखी वर. शेऱ्याची बेरीज होत नाही, म्हणून शेरा वहीतच राहिला. मी चारही वह्यांचा नुसता शेऱ्याचा रकाना वाचत गेलो. त्यातले काही असे :

पाणी मिळाले नाही.
येसकरकीची पाळी, मुले आली नाहीत.
मुले ९, पाट्या ३.
पाटलाचा माणूस येऊन बसला, कोणी बोलले नाही.
म्हातारीने भाकर दिली. तिला ऐकू येत नाही.
पोरगी हुशार. पुढील आठवड्यात लग्न.
पगार आला नाही.
पगार आला नाही.

हा माणूस आठवड्याला पाच-सहा गावं पायी करायचा. शाळा म्हणजे महारवाड्यातल्या चावडीची पडवी. पोरांना अक्षर शिकवायचा, मोठ्यांना रात्री चिमणीच्या उजेडात पदं म्हणून दाखवायचा. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा तो होता. ती सांगती,

"मव्हा थोरला दीर मोठा गळ्याचा. किर्तनाला हुबा ऱ्हायला की मराठ्याच्या बाया वेशीपोतर यायच्या ऐकाया. वेशीच्या आत न्हाई बरं. वेशीपोतरच. आन् सायेब आला की ह्यो बंगल्याच्या पायरीवर बसायचा. खुर्चीवर न्हाई."

कीर्तन हा मिशनमधे नगरकडच्याच लोकांनी आणलेला प्रकार. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. बोस्टनच्या कागदावर कीर्तन नव्हतं, टाळ नव्हता, बुक्क्याऐवजी काय लावायचं याचा विचार नव्हता. हे इथल्या माणसांनी केलं. आणि प्रसार कसा झाला? लेकीच्या सासरी. मामाच्या गावी. जत्रेत, बाजारात, सोयरिकीत. एका गावच्या महारानं बाप्तिस्मा घेतला की त्याची बहीण जिथं दिली तिथं बातमी जायची. बायबल-बाया घरोघर जायच्या, पोर आजारी असलं तर आधी पोराला बघायच्या, मग पुस्तक उघडायच्या. अँडरसनचं तिसरं कलम, स्वतःचा प्रसार स्वतः करा, ते आपल्या लोकांनी त्याचं नावही न ऐकता पुरं केलं.

दुसरं कलम, स्वतःचा खर्च स्वतः. ज्याच्या घरात पायली नाही त्यानं पाळकाचा पगार कुठून भागवायचा? १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, १८९९-१९०० चा पडला. मिशननं खडी फोडायचं काम दिलं, धान्य दिलं, अनाथ पोरं सांभाळली. त्या काळात पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. गावानं नाव ठेवलं, पोटासाठी बाटले. मी विचारतो, पोटासाठी नाही तर कशासाठी? पोट भरलेल्यानं धर्म बदलला तर तत्त्वज्ञान, उपाशी माणसानं बदलला तर लाचारी. हा न्याय कुणी केला? ज्या गावानं दुष्काळात आपल्याला विहिरीवर चढू दिलं नाही, त्यानं केला.

आणि पहिलं कलम, स्वतःचा कारभार स्वतः. ते कलम बंगल्याच्या पायरीवर बसून राहिलं. साहेब निघून पुढं जाणार होता, तो शंभर वर्षं गेला नाही. नारायण वामन टिळकांसारखा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला. मोठा माणूस. तोसुद्धा शेवटी मिशनच्या पगाराला कंटाळला. १९१७ साली त्यानं मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. पगार घेऊन देवाचं काम करताना देव कोण आणि मालक कोण यात गोंधळ होतो, हे त्याला कळलं असावं. टिळकांना सोडता आलं, त्यांच्यामागं नाव होतं. माझा थोरला आजा नोकरी सोडून कुठं जाणार होता? त्याच्या शेऱ्यात एवढंच आहे, पगार आला नाही.

बाबासाहेबांनी या सगळ्याचा हिशेब मांडून ठेवलाय. अस्पृश्यांचं ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरित माणसाची स्थिती यांवरचे त्यांचे लेख सरकारनं १९८९ साली पाचव्या खंडात छापले. मिशनऱ्यांनी ब्राह्मणाच्या मागं लागण्यात वेळ दवडला, शाळा-कॉलेजं-दवाखाने काढले त्याचा फायदा वरच्या जातींनी घेतला, आणि जो अस्पृश्य ख्रिस्ती झाला त्याच्या अन्यायाविरुद्ध लढायला मिशन उभं राहिलं नाही. हे वाचताना मला शेऱ्याचा रकाना आठवत होता. पाणी मिळाले नाही. ते वाचून बंगल्यावरून पाटलाकडं कोण गेलं?

बाबासाहेबांचीही आखणी होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं. त्या एकवीस वर्षांत हरेक धर्माचे लोक येऊन दाराशी बसले. त्यांनी सगळं वाचलं, तोललं. बावीस प्रतिज्ञा दिल्या, पगार कुणाला दिला नाही. टेबलाजवळ बसणारा आणि कोपीत राहिलेला एकच माणूस होता. हा फरक आहे. म्हणून माझा आजा गेला. थोरला आजा गेला नाही. आजीनं एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला,

"बाबासायेब मव्हाच हाये. पर मह्या बापाच्या हातात पयली पाटी कुणी दिली, ते कसं इसरू?"

हे उत्तर मला खोडता आलेलं नाही.

भिंतीच्या दोन बाजूंचं पुढं काय झालं तेही सांगायला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले. ख्रिस्ती अजून बाहेर. मिशनच्या वहीत बाप्तिस्मा झाला की जात गेली. सरकारनं तीच वही खरी मानली. गावानं मात्र कधीच मानली नाही. पाण्याला दोघांनाही सारखंच लांब ठेवलं. आज एकाच पणज्याचे आम्ही दोघं पणतू. मला दाखला मिळतो, दादाला मिळत नाही. आखणी करताना माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं हे चुकलं, तर तीन पिढ्या ते निस्तरत बसतात.

हे सगळं मी दादाला गिरणीच्या गेटसमोरच्या टपरीवर सांगितलं. दोन चहा झाले. तो ऐकत होता. चिडला नाही. मग मी त्याचा मोबाईल घेतला आणि तक्ता उघडला.

"दादा, यात शेरा कुठाय?"

"शेरा नसतो आता. आकडे टाकायचे, वर जात्यात."

"ह्या तळावर चाळीस कोयते आहेत म्हण. म्हणजे चाळीस नवरा-बायको. त्यांची पोरं किती? त्यातली शाळेत किती? गावच्या शाळेचा दाखला बरोबर आणलाय किती जणांनी? मुकादमाकडून उचल किती घेतली, फिटली किती, ह्याचा कागद कुणाकडं आहे? बाई बाळंत व्हायची असली तर दवाखाना किती लांब?"

तो म्हणाला, "हे आमचं काम न्हाई. हे सरकारचं काम."

मी म्हणालो, "हेच धारवाडच्या पोराला सांगितलं होतं."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्या शिबिरात सांगितलं, आधी आत्मा."

"आत्मा असंल तर तो पोटातच राहत असंल ना दादा? थोरला आजा बघ. त्याच्या वहीत ऐकणारे किती ते मी विसरलो. मुले नऊ, पाट्या तीन, हे विसरत नाही. उरलेल्या सहा पाट्यांचं मिशन कर. त्या पोरांना मराठी शिकव आणि इंग्रजीही शिकव. अर्धवट नको. आणि तळावरच्या दोन बायकांना, दोन बाप्यांना तुझ्या बैठकीत बसव. खुर्चीवर."

दादा लबाड नाही, पैशासाठीही हे करत नाही. त्याला मनापासून वाटतं की येशूनं त्याच्या बापाची दारू सोडवली. मी त्या घरात वाढलो, दारू सुटली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मी त्याला हसत नाही. आपल्यातले काहीजण पाद्री दिसला की हसतात. त्यांना मला विचारायचं आहे, त्याच कोप्यांत आपले लोक आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आहेत, भटके आहेत. आपण तिथं किती वेळा गेलो? आपल्या विहारांना वर्षातून दोनदा रंग लागतो आणि बाकीचे दिवस कुलूप. धम्माचं काम करायचं म्हणजे मिरवणुकीचं बजेट ठरवायचं, एवढीच आपली आखणी उरली असेल, तर बोस्टनच्या त्या म्हाताऱ्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तो निदान जहाजात बसून बघायला तरी आला होता.

दादानं परवा फोन केला. तक्त्यात वरच्यांना विचारून एक रकाना वाढवून घेणार म्हणाला. देतील की नाही माहीत नाही. नाही दिला तर कागदाची वही करतो म्हणाला. पदांचं विचारलं. मी म्हणालो, देवाची पदं मला येणार नाहीत, खोटी होतील. पण उचलीचा कागद कसा वाचायचा, अंगठ्याऐवजी सही कशी करायची, दाखला कसा मागायचा, याची पदं मी लिहून देतो. चाल तुझी लाव. तो म्हणाला, मंडळीत विचारतो.

टोळ्या दिवाळीनंतर येतील. त्याच्या आत मला चार पदं तरी लिहायची आहेत. रातपाळीत मशीनच्या आवाजात मला यमक चांगलं सुचतं.

तुमच्यातल्या ज्यांच्या भिंतीपलीकडं अशा ट्रंका असतील, त्यांना एक विनंती आहे. त्या उघडा. वाळवी लागायच्या आत. आपले कितीतरी आजे-पणजे मिशनचे मास्तर होते, उपदेशक होते, बायबल-बाया होत्या. मैल आणि ऐकणारे यांची बेरीज बोस्टनला, लंडनला कपाटात जपून ठेवलेली आहे. शेरा मात्र आपल्याच घरात पडलाय. तो उतरवून काढा आणि या मासिकाकडं पाठवा.